यलोस्टोनची उष्णोदके

गरम पाण्याचा झरा म्हटला की भारतीय मनाला प्रथम आठवते ते स्नान. बदरीनाथचे तप्तकुंड, बिहारमधील राजगीर, बंगालमधील बक्रेश्वर, कोकणपट्टीतील वज्रेश्वरी, गणेशपुरी आणि उन्हवरे या ठिकाणी यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या येत आले ते बुडी मारण्यासाठीच. हिमाचल प्रदेशात पार्वती नदीच्या खोऱ्यातील मणिकरणला तर पाणी इतके कढत असते की तांदळाची पुरचुंडी कुंडात सोडून भात शिजवतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्या प्रवाशाला मात्र पहिला नियम सांगितला जातो तो असा, की कुंडाच्या पाण्याला स्पर्श करायचा नाही आणि लाकडी पायवाट सोडून जमिनीवर पाऊल ठेवायचे नाही. हा नियम का करावा लागला हे नीट समजून घेतले, म्हणजे या क्षेत्राचे बरेचसे विज्ञान आपोआप समजते.

यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. १ मार्च १८७२ रोजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी त्याच्या स्थापनेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याच्या आदल्या वर्षी फर्डिनंड हेडन या भूवैज्ञानिकाच्या नेतृत्वाखाली सरकारी पाहणी पथक तेथे जाऊन आले होते. त्या पथकातील चित्रकार टॉमस मोरान याची जलरंगचित्रे आणि विल्यम हेन्री जॅक्सन याची छायाचित्रे पाहिल्यावर, तोवर फासेपारध्यांच्या गप्पा म्हणून हसण्यावारी नेलेल्या गोष्टींवर विधिमंडळाचा विश्वास बसला. अर्थात हा प्रदेश गोऱ्या माणसांनी ‘शोधला’ असे म्हणणे बरोबर नाही. येथील ऑब्सिडियन नावाच्या काळ्या काचखडकाची हत्यारे अमेरिकेचे मूळ रहिवासी अकरा हजार वर्षांहून अधिक काळ घडवीत आले होते. ते गायझरना भिऊन येथे फिरकत नसत, ही समजूत पर्यटकांना निर्धास्त करण्यासाठी पुढे पसरविण्यात आली.

उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौरस किलोमीटर आहे. त्याचा बहुतेक भाग वायोमिंग राज्यात मोडतो, कडेच्या पट्ट्या मोंटाना व आयडाहो या राज्यांत जातात. एवढ्या जागेत दहा हजारांहून अधिक उष्णोदकस्थाने आहेत. त्यांत गरम पाण्याची कुंडे आहेत, नुसती वाफ सोडणारी धूममुखे आहेत, खदखदणारी चिखलकुंडे आहेत आणि ठरावीक काळाने पाण्याचा स्तंभ आकाशात फेकणारे गायझर आहेत. जगातील एकूण गायझरांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या यलोस्टोनमध्ये आहेत.

इतकी उष्णता येथेच का? उत्तर जमिनीखाली आहे. सुमारे २१ लाख, १३ लाख आणि ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी असे तीन प्रचंड ज्वालामुखी-उद्रेक येथे झाले. शेवटच्या उद्रेकात भूगर्भातील शिलारसाचे भांडार रिते होताच वरचे छत कोसळले आणि सुमारे ७० किलोमीटर लांब व ४५ किलोमीटर रुंद असा खळगा तयार झाला. भूवैज्ञानिक त्याला कॅल्डेरा म्हणतात. पुढच्या काळात लाव्ह्याने तो बराचसा भरून काढला. त्यांपैकी अखेरचा प्रवाह सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीचा. आजही चार-पाच किलोमीटर खोलीपासून तप्त खडकांचा थर सुरू होतो. हा सारा थर वितळलेला नाही, त्याचा मोठा भाग घनच आहे आणि शिलारस त्यात खडकांच्या कणांमध्ये साचून राहिला आहे. यलोस्टोन आता कोणत्याही क्षणी फुटणार अशा बातम्या वृत्तपत्रे अधूनमधून छापतात. भूवैज्ञानिक तसे मानत नाहीत. या शतकातील प्रवाशाने त्या उद्रेकाची चिंता करण्यापेक्षा पायाखालच्या दोन-चार अंगुळांची चिंता केलेली बरी.

कोकणातील उन्हाळ्यांशी येथे तुलना करून पाहण्यासारखी आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; तो केव्हाच निवाला आहे. कोकणात पावसाचे पाणी भेगांतून खूप खोल जाते, खोलीबरोबर स्वाभाविकपणे वाढणाऱ्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांनी वर येते. म्हणून ते बहुधा अंगाला सोसवेल इतपतच गरम असते. यलोस्टोनमध्येही पाणी पावसाचे व बर्फाचेच, भेगाही तशाच. परंतु खाली चूल पेटलेली आहे. नॉरिस या विभागात शास्त्रीय तपासणीसाठी घेतलेल्या एका छिद्रात ३२६ मीटर खोलीवर २३७ अंश सेल्सिअस तापमान आढळले. येथील भूमी समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच असल्यामुळे पृष्ठभागावर पाणी ९३ अंशांच्या सुमारासच उकळते. अशा कित्येक कुंडांत उकळत्या पाण्याच्या जवळपासचे तापमान बारमाही असते.

उत्तरेच्या दाराने आत येणाऱ्या प्रवाशाला प्रथम लागते ते मॅमथ. येथील झरे चुनखडीच्या थरांतून वर येतात, चुना विरघळवून आणतात आणि हवेशी गाठ पडताच तो सोडून देतात. त्यामुळे डोंगर-उतारावर पायऱ्यापायऱ्यांची पांढरी तळी तयार झाली आहेत. झऱ्याने वाट बदलली की जुनी पायरी कोरडी पडून करडी होते आणि दुसरीकडे नवी वाढू लागते. चाळीस वर्षांपूर्वी काढलेल्या छायाचित्रातील दृश्य आज तेथे जसेच्या तसे मिळेलच असे नाही.

दक्षिणेस गेल्यावर नॉरिस लागते, आणि येथे मात्र जरा थांबले पाहिजे. उद्यानातील हा सर्वांत तप्त भाग. याच्या बऱ्याच झऱ्यांचे पाणी आम्ल आहे. जमीन फिकट पांढरी, जागोजागी गंधकाने पिवळी आणि लोहाने तांबडी झालेली. हवेत सडक्या अंड्यांसारखा वास असतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. झाड नाही, गवत नाही, असा हा उघडा माळ पाहून मनुष्याला वाटते की हा खडकाळ पृष्ठभाग चांगला टणक असणार. फसगत होते ती येथेच. गरम पाणी खालच्या खडकातील सिलिका विरघळवून आणते आणि कुंडाच्या काठावर, थंड होताना, तिचा पापुद्रा धरते. हा पापुद्रा पाण्यावर साय धरावी तसा कुंडाच्या आतल्या अंगाला वाढत जातो. वरून भक्कम दिसणाऱ्या काठाखाली कित्येकदा आधार नसतो. असते ते उकळते पाणी. एखाद्या ठिकाणी तो रानगव्याचे वजन पेलतो, तर दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या पावलानेही मोडतो. कोणते ठिकाण कसे, हे पाहून सांगता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वीसहून अधिक माणसे येथील कुंडांत भाजून मरण पावली आहेत. अस्वले आणि रानगवे यांच्याविषयीच्या सूचना प्रवासी लक्षपूर्वक वाचतात. पण या उद्यानात उकळत्या पाण्याने घेतलेले बळी अस्वलांनी घेतलेल्या बळींहून अधिक आहेत. जून २०१६ मध्ये नॉरिसच्या पोर्कचॉप गायझरजवळ एक तरुण पायवाट सोडून दोनशे मीटरच्या आसपास आत गेला. अंग शेकण्याजोगे पाणी मिळते का, हे तो पाहत होता. घसरून तो कुंडात पडला. वादळामुळे बचावपथकाला त्या सायंकाळी थांबावे लागले आणि दुसऱ्या दिवशी त्या तप्त, आम्ल पाण्यात शोधण्यासारखे काही उरले नव्हते. बळी पडलेल्यांमध्ये लहान मुले आहेत, पाण्यात पडलेल्या कुत्र्याला वाचविण्यासाठी उडी घेणारा मनुष्यही आहे. या पाण्यात उतरून कोणाला वाचविता येत नाही, हे त्याच्या मित्रांना बाहेर उभे राहून कळले.

नॉरिसमध्येच स्टीमबोट हा जगातील सर्वांत उंच उसळणारा चालू गायझर आहे. त्याच्या मोठ्या उद्रेकात पाणी ९० मीटरांच्या वर जाते. मात्र त्याच्यावर विसंबून प्रवास आखता येत नाही. १९११ नंतर तो पन्नास वर्षे गप्प होता. मार्च २०१८ मध्ये अचानक जागा झाला आणि २०१९ व २०२० या दोन्ही वर्षी प्रत्येकी ४८ वेळा उसळला. असे का व्हावे, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही.

तेथून फायरहोल नदीकाठच्या मध्य विभागात आले की डोळ्यांना एकदम निराळे जग दिसते. ग्रँड प्रिझ्मॅटिक हे कुंड सुमारे शंभर मीटर रुंद आहे. मध्यभागी गर्द निळे, त्याभोवती हिरवट, मग पिवळे, नारिंगी, आणि काठाला तपकिरी अशी वर्तुळे त्यात एकात एक बसविलेली दिसतात. मधला निळा रंग स्वच्छ, खोल पाण्याचा आहे. बाकीचे सारे रंग सजीवांचे आहेत. मध्यभागी पाणी इतके गरम असते की प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करणारे सूक्ष्मजीव तेथे टिकत नाहीत; त्यांची मर्यादा सुमारे ७३ अंश सेल्सिअस. काठाकडे पाणी निवत जाते तसतसे निरनिराळ्या जातींचे थर आपापल्या तापमानाला वस्ती करतात. पिवळी कड कोठे संपते आणि नारिंगी कोठे सुरू होते हे पाहून, तापमापक न बुडविताही, पाणी साधारण किती गरम असेल याचा अंदाज जाणकार करतात. उन्हाळ्यात तीव्र उन्हापासून बचाव करणारी रंगद्रव्ये या जीवांत वाढतात म्हणून रंग तांबूस दिसतात, हिवाळ्यात हिरवेपणा पुढे येतो.

याच परिसरातील एका लहान, फारसे कोणी न पाहणाऱ्या कुंडाने आधुनिक जीवशास्त्राला मोठे देणे दिले आहे. टॉमस ब्रॉक हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि हडसन फ्रीझ हा त्यांचा विद्यार्थी यांनी १९६६ मध्ये मशरूम स्प्रिंग या झऱ्यातून एक जिवाणू वेगळा केला. सत्तर अंशांच्या पाण्यात तो सुखाने वाढत होता. त्यांनी १९६९ मध्ये त्याला थर्मस अ‍ॅक्वाटिकस हे नाव दिले आणि त्याचा नमुना अमेरिकेतील जिवाणूसंग्रहात ठेवून दिला. त्या वेळी त्याचा काही उपयोग असेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पुढे १९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांनी डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती शोधली. तीत द्रावण पुन्हा पुन्हा जवळजवळ उकळीपर्यंत तापवावे लागे, आणि दर वेळी प्रती काढणारे विकर नष्ट होई; ते प्रत्येक फेरीला नव्याने घालावे लागे. संग्रहातील त्या जिवाणूचे विकर मात्र या उष्णतेत टिकून राहिले. पीसीआर या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत त्यामुळे व्यवहारात आली. म्युलिस यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुन्ह्यांचा तपास, आनुवंशिक रोगांचे निदान, आणि २०२० पासून कोविडच्या साथीत कोट्यवधी लोकांच्या नाकातून घेतलेल्या नमुन्यांची तपासणी, ही सारी कामे याच पद्धतीने झाली. १९६६ पूर्वीच त्या कुंडात कोणी स्नानगृह बांधले असते, किंवा त्याचे पाणी नळाने उपाहारगृहाकडे वळविले असते, तर काय गेले याची कोणाला कल्पनाही आली नसती.

वरच्या विभागात ओल्ड फेथफुल आहे, आणि बहुतेक प्रवासी त्यासाठीच येतात. १८७० च्या सप्टेंबरात तेथे पोहोचलेल्या वॉशबर्न पथकाने, तो नियमाने उसळताना पाहून, ‘विश्वासू’ या अर्थाचे हे नाव त्याला दिले. गायझर कसा चालतो हे येथे समजून घेणे सोपे आहे. गायझरला तीन गोष्टी लागतात: पाणी, उष्णता आणि एक अरुंद, बळकट नळी. ओल्ड फेथफुलच्या नळीत १९८० व १९९० च्या दशकांत शास्त्रज्ञांनी उपकरणे आणि कॅमेरा सोडून पाहिला, तेव्हा सुमारे सात मीटर खोलीवर ती जेमतेम दहा सेंटिमीटर रुंद असल्याचे दिसले. नळीच्या तळाशी असलेल्या पाण्यावर वरच्या पाण्याचा भार असतो. दाबाखाली पाणी लवकर उकळत नाही. प्रेशर कुकरमध्ये तेच होते. तापत तापत ते उकळबिंदूच्या पुढे जाते, वाफेचे बुडबुडे अरुंद जागेत अडकतात आणि थोडे पाणी तोंडावाटे बाहेर ढकलतात. तेवढ्याने भार हलका होतो, आणि खालचे अतितप्त पाणी एकाएकी वाफ होऊन उरलेल्या सगळ्याला उडवून देते. ३० ते ५५ मीटर उंचीचा स्तंभ दीड ते पाच मिनिटे टिकतो. मग नळी पुन्हा भरू लागते.

उद्रेक थोडा वेळ चालला तर नळीत पाणी शिल्लक राहते आणि पुढला उद्रेक लवकर होतो. लांबला तर पुढला उशिरा. या साध्या संबंधावरून उद्यानाचे कर्मचारी पुढची वेळ फलकावर लावतात आणि ती बहुधा दहा मिनिटांच्या फरकाने खरी ठरते. परंतु ‘विश्वासू’ हे नाव जपून घ्यावे. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री उद्यानाच्या सीमेलगत हेबगेन सरोवराजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याने शेकडो झऱ्यांची खालची वाहिनी हलली. पूर्वी एका तासाच्या थोड्या पुढे असलेले ओल्ड फेथफुलचे सरासरी अंतर त्यानंतरच्या दशकांत वाढत जाऊन आता दीड तासाच्या आसपास आले आहे. याहून अधिक विचार करायला लावणारा पुरावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गायझरच्या उंचवट्यावर अश्मीभूत झालेल्या लाकडाचे तुकडे मिळाले होते. उकळत्या पाण्याच्या माऱ्यात झाड उगवू शकत नाही. म्हणजे एके काळी तो मारा थांबलेला असला पाहिजे. लाकडाच्या कालमापनावरून असे दिसले की तेराव्या-चौदाव्या शतकांत, दीर्घ अवर्षणाच्या काळात, ओल्ड फेथफुल कित्येक दशके उसळलाच नाही. उष्णता होती तेवढीच होती. कमी पडले ते पाणी.

नळी मोकळी नसेल तेव्हा हाच दाब दुसरे रूप घेतो. २३ जुलै २०२४ रोजी सकाळी जवळच्याच बिस्किट बेसिनमध्ये ब्लॅक डायमंड या कुंडाजवळ जमिनीखालच्या पाण्याची एकाएकी वाफ झाली. दगड, चिखल आणि पाणी उंच उडाले, लाकडी पायवाटेचा काही भाग मोडला. पायवाटेवरचे प्रवासी जीव घेऊन पळाले. कोणाला इजा झाली नाही हे सुदैवच. यात ज्वालामुखीचा काही संबंध नव्हता. अशा स्फोटाची पूर्वसूचना देता येईल इतके ज्ञान अजून हाती आलेले नाही, आणि पायवाटेवर राहिले म्हणजे सर्वस्वी निर्धोक झाले असेही समजू नये.

झऱ्यांपासून माणसाला असलेले भय सर्वांना दिसते. माणसापासून झऱ्यांना असलेले भय कमी दिसते. सुरुवातीच्या काळातील प्रवाशांनी गायझरच्या तोंडांत काय काय टाकले नाही! मळके कपडे टाकून ते धुऊन बाहेर येतात का पाहिले, कुऱ्हाडींनी काठ फोडून आठवण म्हणून तुकडे नेले. पाण्यात साबण टाकला की काही गायझर वेळेआधी उसळतात हे कळल्यावर साबण टाकण्याची साथच आली. अर्नल्ड हेग या भूवैज्ञानिकाने १८८९ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि उद्यानाला बंदी घालावी लागली. मॉर्निंग ग्लोरी हे निळ्या फुलासारखे कुंड. त्यात नाणी टाकण्याची चाल पडली. १९५० मध्ये त्याचे पाणी मुद्दाम उसळवून तळ साफ केला, तेव्हा नाण्यांबरोबर हातरुमाल, टॉवेल आणि मोजेही निघाले. या कचऱ्याने गरम पाणी येण्याची वाट अडली, कुंड थोडे निवले आणि काठावरच्या पिवळ्या-नारिंगी जीवांनी आत सरकून निळ्याची जागा घेतली. तो निळेपणा पूर्ववत झालेला नाही. २०२१ या एका वर्षात उद्यानात ४८ लाखांहून अधिक वेळा प्रवाशांची नोंद झाली. त्यांतील हजारात एकाने एक नाणे टाकले तरी ते किती होतील याचा हिशेब वाचकाने करावा.

नाणी काढता येतात. खालचे पाणीच काढून घेतले तर मात्र उपाय कठीण होतो. न्यूझीलंडमध्ये वैराकेई येथे भूऔष्णिक वीजकेंद्र १९५८ मध्ये सुरू झाले आणि काही वर्षांतच शेजारच्या गायझर व्हॅलीतील गायझर बंद पडले. ओराकेई कोराको येथे १९६१ मध्ये धरणाच्या जलाशयाखाली बरेच गायझर बुडाले. अमेरिकेतच नेवाडा राज्यातील बिओवावे येथील गायझर विजेसाठी केलेल्या खोदाईनंतर नाहीसे झाले. याउलट न्यूझीलंडच्या रोटोरुआ शहरात, घरोघरी घेतलेल्या कूपनलिकांमुळे गायझर क्षीण होत आहेत असे दिसताच, सरकारने १९८६ पासून पोहुटू गायझरच्या दीड किलोमीटर परिसरातील कूपनलिका बंद करविल्या. लोकांचा रोष झाला, खटके उडाले. पण भूजलाचा दाब पुन्हा वाढला आणि झरे सावरू लागले. १९७९ मध्ये थांबलेला पापाकुरा गायझर २०१५ मध्ये परत उसळला.

ही वीज धूरविरहित असते, म्हणून तिचा मोह सहज सुटणारा नाही आणि तो सर्वस्वी वाईटही नाही. भारतात लडाखच्या पुगा खोऱ्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९७० च्या दशकातच शोधछिद्रे घेतली होती. २०२१ मध्ये तेथे प्रायोगिक वीजकेंद्रासाठी करार झाला. कोठे खोदावे आणि कोठे खोदू नये, हा प्रश्न म्हणून आता केवळ परदेशचा राहिलेला नाही.

यलोस्टोनमध्ये खोदाई होऊ शकत नाही. कायदा आडवा येतो. परंतु उद्यानाची सीमा नकाशावर आखलेली आहे, पाण्याला ती ठाऊक नाही. सीमेबाहेरच्या खोल विहिरीने आतल्या झऱ्याचा दाब घटू शकतो. भूऔष्णिक वाफेसंबंधीच्या १९७० च्या अमेरिकन कायद्यात १९८८ मध्ये दुरुस्ती करून, राष्ट्रीय उद्यानांतील महत्त्वाच्या उष्णोदकस्थानांना धोका पोहोचेल असे परवाने देण्यास मनाई करण्यात आली. खाजगी जमिनींना हा केंद्रीय कायदा पुरेसा लागू पडत नव्हता. म्हणून १९९० च्या दशकात मोंटाना राज्याने राष्ट्रीय उद्यान विभागाशी पाणीवाटपाचा करार करून उद्यानालगतचा एक पट्टा नियंत्रित भूजलक्षेत्र ठरविला. त्या पट्ट्यात शेतकऱ्याला विहीर घ्यायची झाली तर परवाना लागतो, आणि लागलेले पाणी ठरावीक मर्यादेपेक्षा उबदार निघाले तर त्या विहिरीची वेगळी छाननी होते.